वाऱ्याचा रकाना

हर्णैला कस्टमच्या गोदामामागे जे मैदान आहे
त्याच्या पश्चिमेच्या रिंगेला जाळी टिकत नाही.
मी फाटक्या डोलीचा तुकडा बांधतो,
खारं त्याला दोन महिन्यांत खाऊन टाकतं.
तिथेच टेबल टाकून मी गुण लिहितो. सोळा वर्षं.

परवा पाचवं नाव ठरेना.
चिपळूणला जिल्ह्याचे सामने, पहिल्या पाचांतल्या चौघी पक्क्या,
पाचवीसाठी दोघी:
शर्वाणी पेठे, सामन्याला नऊ गुण,
वैजू चोगले, सामन्याला दोन. तेही कधी कधी.

मोडक सर म्हणाले, यात ठरवायचं काय आहे?

निलोफर मुकादमने लॅपटॉप माझ्या वहीवरच ठेवला.
पुण्यात संख्याशास्त्र शिकवते,
सुट्टीत आली की बापाच्या होडीपेक्षा आमच्या वह्या जास्त उलटते.
"बास्केट कोण करतं ते राहू द्या, सर.
वैजू आत असते तेव्हा आपण अकराने पुढे,
ती बाकावर असते तेव्हा चारने मागे.
हे पंधरा आले कुठून?"

"ते पंधरा कुठल्या रिंगेत पडले ते दाखव,"
सर म्हणाले, आणि चहा मागवला.

मला वैजूचा एक सामना आठवत होता.
ती नुसती उभी राहिली,
दापोलीची ती उंच पोरगी तिला वळसा घालून गेली
आणि तेवढ्यात आमची दुसरी येऊन पोचली.
त्या वळशाला माझ्या वहीत जागा नाही.
पण मला दुसरंही काही माहीत होतं,
आणि ते बोलावं की गिळावं, कळेना.

शेवटी बोललो.
वैजू आईबरोबर लिलावाला असते.
टोपल्या उठल्या की धावत येते, म्हणजे उत्तरार्धात.
उत्तरार्धात आपली रिंग पूर्वेची,
सर नाणेफेक जिंकोत न जिंकोत, तीच मागून घेतात.
आणि त्या वेळी खारा वारा आपल्या पाठीशी,
समोरच्यांच्या तोंडावर.
पोरगी येते आणि वारा येतो. एकाच वेळी.

निलोफर बराच वेळ गप्प.
"काका, हे आधी का नाही सांगितलंत?"
वहीत वाऱ्याचा रकाना नव्हता, मी म्हटलं.
तिने एक नवीन रकाना उघडला. वर लिहिलं: वारा.
चिपळूणचं मैदान बंद हॉलमधलं,
तिथे हवा हलते ती पंख्याने.

सर खूष. फार लवकर खूष.
मग तिने विचारलं, लिलाव बंद होता असे सामने किती?
मी पानं चाळली. तीन.
तिन्हींत वैजू पहिल्यापासून, वाऱ्याविरुद्धसुद्धा.
अधिक सहा. उणे एक. अधिक आठ.
"तीन म्हणजे काहीच नाही," निलोफर म्हणाली,
स्वतःच्याच बाजूचे आकडे स्वतःच खोडत.
"थांब," सर म्हणाले, "तो अधिक आठचा, गुहागरवाल्यांचा ना?
तो मी पाहिलाय. पोरगी भिंत झाली होती."
आणि आता तेच तिच्या बाजूने,
आणि ती म्हणते, सर, एका सामन्यावर नका जाऊ.

एवढ्यात वैजू आली. मनगटावर खवले चिकटलेले.
काय चाललंय विचारलं, सांगितलं.
तिने चेंडू पायाने थांबवला.
"सुरमई घेताना सगळे कल्ले उचलून बघतात," ती म्हणाली,
"तरी काटा आणायलाच लागतो.
आणि काट्यावर ठेवली
की पुन्हा कल्ले उचलून बघतात."

पुढे काही बोलली नाही. शर्वाणीला पास दिला,
तिने तो पश्चिमेच्या रिंगेत टाकला, वाऱ्याविरुद्ध, अलगद.
निलोफरने मान वर केली, पण टाइप केलं नाही.

रात्री यादी मी लिहिली.
चार नावं पेनाने.
पाचवं पेन्सिलने, आणि समोर,
सवय लागली आता, वारा: नाही.